हौदा, गादी आणि रबराची लादी

घरात व्यायामाची जागा करायची म्हटलं की आपण सगळे साधारण एकाच क्रमाने विचार करतो. आधी डंबेल्स बघायचे, मग बेंच, मग ट्रेडमिल घ्यावी की सायकल यावर आठवडाभर रिव्ह्यू वाचायचे. आणि खाली काय अंथरायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी, "एक योगा मॅट टाकू की" एवढ्यावर मिटवायचा. आमच्या धंद्यातही हेच होतं म्हणा. फीचर्सवर दहा मीटिंगा, आणि ज्या सर्व्हरवर ते सगळं चालणार त्याची आठवण रिलीजच्या आदल्या रात्री. :)

तर सध्या मी या "खाली काय"च्या मागे लागले आहे. आईबाबा आता कायमचे आंजर्ल्याला राहायला गेलेत. ज्यांना आंजर्लं माहीत नाही त्यांच्यासाठी: दापोली तालुका, जोग नदीच्या मुखाजवळचं गाव, कड्यावरचा गणपती, आणि वाडीत नारळ-सुपारी (२०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळाने त्यातल्या किती आडव्या केल्या ते सांगवत नाही). रँग्लर परांजप्यांचं मुर्डी अगदी शेजारी. बाबा पासष्टी ओलांडलेले, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि फिजिओथेरपिस्टने रोज व्यायाम सांगितलेला. मी महिन्यातला एक आठवडा तिथून काम करते, तेव्हा मलाही वजनं उचलायची असतात. जागा एकच, ती म्हणजे घराची पडवी. माणसं दोन, गुडघे चार, त्यातला एक दुरुस्त केलेला. आणि कुणी पडलंच तर दापोली वीसेक किलोमीटर, तेही घाटावळणांनी. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी इंटिरिअर डेकोरेशनचा नाही.

मी रबर टाइल्सचे फोटो दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, आम्ही दंड-बैठका मातीवरच काढल्या. तेव्हा कुठे होतं तुझं रबर?"

प्रश्न बिनतोड वाटला. म्हणून जरा खोलात गेले, आणि जे हाती लागलं ते हे.

खळं मऊ नव्हतं

पहिली गोष्ट म्हणजे कोकणातली घरातली किंवा खळ्यातली जमीन मऊ कधीच नव्हती. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. पावसाळ्यात ते धुपतं, शेवाळतं. पाऊस गेला की नवी माती टाकायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपचोपून घट्ट करायची आणि वर शेणाचं सारवण. चोपणं या क्रियेचा उद्देशच मुळी मातीतली हवा काढून टाकणं हा आहे. नीट चोपलेल्या खळ्यात भात झोडता येतं, सुपारी वाळवता येते. अनवाणी पायाला ती जमीन सिमेंटपेक्षा खूप सुखाची वाटते, गार असते, किंचित 'देते'सुद्धा. पण धक्का शोषणारी जमीन तिला म्हणता येणार नाही.

मग दंड-बैठका कशा चालायच्या? कारण त्या व्यायामांत आदळआपट नाही. दंडात हात-पाय जमिनीला लागलेले. साध्या बैठकीत पाय जागच्या जागी. सूर्यनमस्कारात माणूस जमिनीला पाठोपाठ टेकत जातो, आदळत नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यांचा मुख्य मुद्दाच हा होता की साधनं लागत नाहीत, कुणालाही कुठेही जमतं. करेलं-मुद्गल फिरवायचे असतात, आपटायचे नसतात. म्हणजे आपल्याकडचे घरगुती व्यायाम कठीण जमिनीवरच वाढलेले आहेत. जमीन अशी होती, म्हणून व्यायाम तसे झाले.

बाबा बरोबर होते, पण त्यांच्या दंड-बैठकांपुरते.

जिथे पडायचं असतं तिथे

आता दुसरी जागा बघा. तालीम. इथे माणूस पडणार हे ठरलेलंच असतं, दिवसातून पन्नास वेळा पडणार, आणि वरून दुसरा माणूस त्याच्यावर पडणार. तिथे आपल्या लोकांनी चोपलेली जमीन ठेवलीच नाही. तिथे त्यांनी हौदा केला.

हौद्याची माती म्हणजे कुठलीही उचलून आणलेली माती नव्हे. तांबडी माती चाळून घ्यायची, खडा एकही राहता कामा नये. मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव असं काय काय मिसळायचं. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक वस्तादाला आपलंच बरोबर वाटतं. यातल्या हळदीचं, लिंबाचं कारण जखमा-कातडीसाठी असं सांगितलं जातं. तेला-ताकाचं काम मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. माती कोरडी असली तर धूळ उडते आणि ओली झाली तर चिखल होतो. या दोन्हींच्या मधली, मुठीत धरली तर गोळा होईल आणि टाकली तर फुटेल अशी अवस्था टिकवायची असते.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम: रोज हौदा खणायचा. पोरांनी पहाटे यायचं, खोरं घ्यायचं आणि अख्खा हौदा उकरून भुसभुशीत करायचा. तालमीत नव्या पोराला आधी हेच काम. आपल्याला वाटतं ही रॅगिंग आहे. पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. माती धक्का शोषते ती दबून. कणांमधली पोकळी मोडते, त्यात पडणाऱ्या माणसाची ऊर्जा खर्च होते. पण एकदा दबलेली माती आपोआप वर येत नाही. स्प्रिंगसारखी ती नाही. संध्याकाळपर्यंत हौदा बराचसा खळ्यासारखा झालेला असतो. म्हणून सकाळी खोरं. म्हणजे रोजचा रीसेट! शिवाय खणणाऱ्याच्या पाठीला, खांद्यांना व्यायाम झाला तो वेगळाच.

मातीची कामं एवढ्यावर संपत नाहीत. अंगाला घाम आला की पैलवान मूठभर माती स्वतःच्या आणि समोरच्याच्या अंगावर टाकतात, पकड नीट बसावी म्हणून. आणि निकाल? तोही मातीच देते. पाठीला माती लागली की संपलं. आपल्या भाषेत हरणं म्हणजे 'पाठीला माती लागणं', हरवणं म्हणजे 'धूळ चारणं'. धक्का शोषणं, पकड देणं आणि पुरावा ठेवणं, तिन्ही कामं एकच जमीन करायची. असलं फ्लोअरिंग आज कुठल्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मिळेल?

याला राजाश्रय होता हेही खरं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गावोगावच्या पैलवानांना सांभाळलं, तालमी उभ्या केल्या, आणि १९१२ साली खासबाग मैदान बांधून झालं. रोममधलं कलोसियम पाहून आल्यावर त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. पण मधोमध फरशी नाही की वाळू नाही, कोल्हापूरचा लाल मातीचा हौदाच.

गादीशी गाठ

आता गोष्टीला वळण. १० सप्टेंबर १९१०, लंडन. गामा पैलवान विरुद्ध पोलंडचा झ्बिस्को. कुस्ती गादीवर (मॅटला मराठीत गादी म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो). झ्बिस्को खाली बसला, गादीला चिकटला, तो अडीच तासांहून जास्त वेळ उठलाच नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे जानेवारी १९२८ मध्ये हेच दोघं पतियाळाला मातीवर भिडले, आणि गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

सगळं श्रेय मातीला देऊ नका. सतरा वर्षं मध्ये गेली होती, दोघंही पन्नाशीच्या आसपास होते, गाव गामाचं होतं. पण ज्या जमिनीवर आपण वाढलो तिच्यावर पाय कसे रोवायचे हे शरीराला माहीत असतं, एवढं तरी त्यातून दिसतं.

याचीच उलटी बाजू खाशाबा जाधवांनी भोगली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा गादीवरच्या कुस्तीची त्यांना सवय नव्हती. माती पाय धरून ठेवते, गादी ठेवत नाही. मातीत दम काढून समोरच्याला थकवता येतं, गादीवर वेळ मोजलेला असतो आणि पॉइंटही. तरीही ते सहावे आले. मग चार वर्षं त्यांनी तयारी केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आणि २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतलं पुढचं पदक यायला २००८ साल उजाडलं. सुशील कुमार, बीजिंग. छप्पन्न वर्षं!

या छप्पन्न वर्षांची कारणं अनेक आहेत. पैसा, खुराक, प्रशिक्षक, फेडरेशनचं राजकारण. पण त्यातलं एक कारण पायाखाली होतं. ज्या जमिनीवर स्पर्धा होणार ती सरावाला मिळतच नव्हती. गावातल्या तालमीला गादी परवडत नव्हती, आणि वस्तादाला ती पटतही नव्हती.

महाराष्ट्राने यावर काढलेला तोडगा मात्र खास आपला आहे. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आता माती विभाग आणि गादी विभाग असे दोन वेगळे विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. दोन ऑपरेटिंग सिस्टिम्स एकाच मशीनवर. :)

मातीबद्दल लिहिताना हळवं व्हायला होतं, मलाही झालं. पण मग लक्षात आलं, त्या हौद्यात मला कुणी उतरू दिलं असतं का? बहुतेक जुन्या तालमींमध्ये बायकांना दारापलीकडे प्रवेश नव्हता. खोरं मारायलासुद्धा नाही. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली, अर्थातच गादीवर. २०१६ ला रिओमध्ये साक्षी मलिकने ब्राँझ आणलं. आणि आपल्याकडे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. तेव्हा गादी आली आणि परंपरा बुडाली असं एका वाक्यात मला म्हणता येत नाही. गादीबरोबर नवे हॉल आले, नवे नियम आले, आणि दार थोडं उघडलं.

आता थोडं गणित

पळू नका, अकरावीचं आहे.

१० किलोचं डंबेल अर्ध्या मीटरवरून सुटलं तर जमिनीवर येताना त्याच्याकडे साधारण ४९ ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. ते किती अंतरात थांबतं यावर सगळं अवलंबून आहे. शहाबादी फरशीवर समजा २ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी जोर येतो सुमारे अडीच टन वजनाएवढा. फरशी फुटली तर नवल काय? तेच डंबेल २ सेंटिमीटर दबत थांबलं तर जोर अडीचशे किलोएवढा. अंतर दहापट, जोर एक दशांश. हौद्याची माती, जुदोची गादी, रबराची लादी, सगळ्यांचं गुपित एवढंच आहे: थांबायला अंतर द्या.

मग जितकं मऊ तितकं चांगलं का? इथेच गंमत आहे. इनडोअर क्रीडागृहांच्या जमिनीसाठी युरोपात २००६ साली एक मानक ठरलं, ईएन १४९०४. त्यात काँक्रीटच्या तुलनेत किमान २५ टक्के धक्का कमी झाला पाहिजे अशी अट आहे. पण ७५ टक्क्यांहून जास्त कमी होता कामा नये अशीही अट आहे. कारण फार मऊ जमिनीत पाय रुततो, घोटा वळतो, आणि प्रत्येक उडीला जास्त ताकद लागते.

आणि वयस्कर माणसांसाठी तर हा मुद्दा फारच महत्त्वाचा. फिजिओथेरपीत तोल तपासताना माणसाला मुद्दाम फोमच्या जाड पॅडवर उभं करतात, कारण मऊ पृष्ठभागावर तळपायाला जमिनीची नीट खबर मिळत नाही आणि तोल सांभाळणं अवघड होतं. जी गोष्ट परीक्षा म्हणून वापरतात, ती मी बाबांना रोजच्या व्यायामाला अंथरून देणार होते की काय? बाजारात "गुडघ्यांसाठी एक्स्ट्रा सॉफ्ट" म्हणून मिळणाऱ्या रंगीत, एकमेकांत अडकणाऱ्या ईव्हीए फोमच्या चौकोनी मॅट्स नेमक्या याच कारणासाठी यादीतून गेल्या. लहान मुलांच्या खोलीत त्या छान. वजनाखाली त्यांना खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत. तिथे खोरंही उपयोगाचं नाही.

राहिलं रबर. जुन्या टायरांचा चुरा करून, चिकटवून, दाबून या लाद्या करतात. घट्ट, जड, जागची हलत नाहीत. दहा मिलिमीटरची लादी दहा मिलिमीटर दबत नाही हे मात्र लक्षात ठेवा, ती थोडीशीच दबते. म्हणजे ती फरशी वाचवेल, पाय घसरू देणार नाही, पण वरून टाकलेलं चाळीस किलो झेलणार नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं. खालच्या मजल्यावर जाणारा 'धप्प' आवाज स्लॅबमधून जातो, तो पातळ लादीने थांबत नाही. जाडी वाढवा, नाहीतर वजन हाताने खाली ठेवा. दुसरा उपाय फुकट आहे.

आणि कोकणातला पाऊस

पुण्यात प्रश्न इथे संपला असता. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घर जांभ्या दगडाचं. पावसाळ्यात जमिनीतून ओल वर येते. सारवलेली जमीन ती ओल हवेत सोडून देते, म्हणून ती जिवंत राहते. तिच्यावर रबर पसरलं की ओल खाली कोंडली. मग बुरशी, वास, आणि लाकूड जवळ असेल तर वाळवी. प्लायवुडचा प्लॅटफॉर्म करून वर रबर लावायचं, ही इंटरनेटवरची सगळ्यात लोकप्रिय युक्ती, आंजर्ल्यात दोन पावसाळे टिकली तरी खूप.

शेवटी ठरलं ते असं:

१. पडवीच्या अर्ध्या भागात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर रबराच्या सुट्या लाद्या, दहा मिलिमीटरच्या. चिकटवायच्या नाहीत. माझी वजनं तिथे.

२. बाबांचा व्यायाम उरलेल्या उघड्या फरशीवर, अनवाणी, भिंतीला धरायला लाकडी दांडा लावून. खाली झोपून करायच्या व्यायामांपुरती पातळ सतरंजी, व्यायाम झाला की घडी करून बाजूला, म्हणजे पायात अडकणार नाही.

३. खळं आहे तसंच. दिवाळीनंतर चोपून, सारवून. त्यावर सूर्यनमस्कार दोघांचे.

४. पावसाळ्यात दर रविवारी सगळ्या लाद्या उचलायच्या, भिंतीला उभ्या करायच्या, खालची फरशी पुसून कोरडी होऊ द्यायची.

चौथा मुद्दा ऐकून आई म्हणाली, "म्हणजे दर रविवारी हे कोण करणार?" एका लादीचं वजन दहा किलोच्या पुढे, आणि लाद्या बारा.

मी महिन्यातून एक आठवडा असते. उरलेल्या रविवारी शेजारचा बारावीतला मुलगा येतो म्हणालाय. बदल्यात त्याला डंबेल्स वापरायचे आहेत. पहिल्या दिवशीच त्याला सांगितलं, आधी लाद्या, मग वजनं. तालमीचा नियम आहे.

पुढच्या वीकेंडला जमलं तर मल्लखांबावर लिहीन. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभट दादा देवधरांपासून सुरुवात करावी लागेल, त्यामुळे चहा मोठा घेऊन बसा.